सार्वजनिक द्रव्य आणि धंदेवाईक खेळ

१९८४ सालच्या मार्च महिन्यातील २८ तारखेच्या रात्री अमेरिकेतील बाल्टिमोर शहराजवळच्या एका आवारात सामान वाहून नेणारे पंधरा ट्रक येऊन उभे राहिले. थंडी कडक होती व बर्फ पडत होते. आवारातील टेबले, कपाटे, व्यायामाची साधने, खेळाडूंचे पोशाख व शिरस्त्राणे अशी सर्व चीजवस्तू मजुरांनी घाईघाईने भरली, आणि ते ट्रक निरनिराळ्या रस्त्यांनी इंडियानापोलिस शहराच्या दिशेने निघाले. एखाद्या कर्जबाजारी व्यापाऱ्याने रातोरात गाशा गुंडाळावा त्यातलाच हा प्रकार वाटेल. परंतु जो गेला तो कर्जबाजारी व्यापारी नव्हता. बाल्टिमोरकरांनी तीस वर्षे जिवापाड जपलेला 'कोल्ट्स' नावाचा फुटबॉलचा संघ होता. (हा फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ; आपल्या परिचयाचा पायाने खेळावयाचा तो नव्हे.)

इतकी घाई कशासाठी? तर सरकार सार्वजनिक कामाकरिता ज्याप्रमाणे जमीन सक्तीने संपादन करते, त्याचप्रमाणे हा संघही संपादन करावा असा कायदा मेरिलंड राज्याच्या विधिमंडळात त्याच वेळी होऊ घातला होता. संघाचे मालक रॉबर्ट अर्से यांना बाल्टिमोरचे जुने क्रीडागार पसंत नव्हते. इकडे इंडियानापोलिसने साठ हजार प्रेक्षक बसतील असे छप्पर असलेले नवे क्रीडागार उभारावयास घेतले होते. त्यासाठी थोड्या देणग्या मिळाल्या, बाकीचा खर्च खाद्यपेयांवरील जादा करातून व्हावयाचा होता. मौज अशी की, ते बांधावयास घेतले तेव्हा त्यात खेळणारा संघच त्या शहराजवळ नव्हता. आधी मांडव घालून मग वर शोधावयास निघावे, तसाच हा उद्योग होता. आणि वर मिळालाही.

धंदेवाईक संघासाठी लोकांच्या करातून क्रीडागार बांधून द्यावे की नाही, हा प्रश्न अमेरिकेतील शहरांपुढे गेली सत्तर वर्षे पुनःपुन्हा येत आहे. प्रश्नाचे स्वरूप नीट कळण्यासाठी एक गोष्ट प्रथम ध्यानी घ्यावयास हवी. तेथील संघ म्हणजे गावाची तालीम नव्हे, की चार सभासदांनी वर्गणी काढून चालविलेला क्लब नव्हे. तो एका धनिकाच्या किंवा काही भागीदारांच्या मालकीचा धंदा असतो. तो विकता येतो, विकत घेता येतो आणि एका शहरातून उचलून दुसऱ्या शहरात नेता येतो. नाव मात्र शहराचे लागलेले असते. लोकांचे प्रेम नावावर जडते आणि मालकी दुसऱ्याची असते, या एका विसंगतीतून पुढचा सारा इतिहास घडला आहे.

पूर्वी असे नव्हते. बोस्टनचे फेनवे पार्क १९१२ मध्ये, शिकागोचे रिग्ली फील्ड १९१४ मध्ये, न्यूयॉर्कचे यांकी स्टेडियम १९२३ मध्ये बांधले गेले, ते संघमालकांनी किंवा खाजगी व्यक्तींनी, स्वतःच्या पैशाने. यातील पहिली दोन आजही वापरात आहेत. क्लीव्हलंडसारख्या शहराने १९३१ मध्ये नगरपालिकेच्या खर्चाने मोठे क्रीडागार बांधले, परंतु असे अपवाद थोडे. मालकाने दुकान थाटावे आणि दुकानाची इमारतही त्यानेच बांधावी, ही सरळ रीत होती.

ही रीत मोडली १९५३ मध्ये. विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी काउंटीने, म्हणजे आपल्या भाषेत जिल्हा मंडळाने, सार्वजनिक खर्चाने बेसबॉलचे क्रीडागार बांधले. बोस्टनचा 'ब्रेव्ह्ज' हा संघ त्या वेळी डबघाईस आला होता. १९५२ च्या संबंध हंगामात त्याचे सामने पाहावयास तीन लाख माणसेही आली नव्हती. मालकाने संघ मिलवॉकीस नेला आणि पहिल्याच वर्षी अठरा लाखांहून अधिक प्रेक्षक लोटले. १९५७ मध्ये या संघाने अजिंक्यपदही मिळविले. ही बातमी इतर मालकांनी लक्षपूर्वक वाचली यात नवल नाही. १९५४ मध्ये सेंट लुईसचा एक संघ बाल्टिमोरला गेला, १९५५ मध्ये फिलाडेल्फियाचा एक संघ कॅन्सस सिटीला गेला, आणि १९५७ चा हंगाम संपताच न्यूयॉर्कचे दोन संघ एकदम पॅसिफिक महासागराच्या किनाऱ्यावर निघून गेले. त्यांतील ब्रुकलिनचा 'डॉजर्स' संघ लॉस एंजेलिसला स्थायिक झाला. त्याचे क्रीडागार १९६२ मध्ये मालकाने स्वखर्चाने बांधले हे खरे. परंतु ज्या टेकड्यांवर ते बांधले, ती जमीन शहराने मूळ गरिबांसाठी घरे बांधावयाची म्हणून तेथील रहिवाशांकडून घेतली होती. घरे झाली नाहीत. जमीन संघाला मिळाली, आणि उरलेल्या कुटुंबांना १९५९ च्या मे महिन्यात सरकारी शिपायांनी घरांतून बाहेर काढले. सार्वजनिक साहाय्य नेहमी रोख रकमेच्याच रूपाने दिले जाते असे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येईल.

मिलवॉकीचे सौख्य तेरा हंगाम टिकले. १९६५ मध्ये अटलांटा शहराने सार्वजनिक पैशाने नवे क्रीडागार बांधले आणि १९६६ मध्ये ब्रेव्ह्ज संघ तेथे गेला. विस्कॉन्सिन राज्याने न्यायालयात दाद मागितली, पण तेथील सर्वोच्च न्यायालयाने राज्याच्याच विरुद्ध निर्णय दिला. अटलांटातही हा संघ एका जागी राहिला नाही. १९९६ च्या ऑलिंपिकसाठी बांधलेले क्रीडागार १९९७ पासून त्याला मिळाले. तेथे वीस वर्षे काढून २०१७ मध्ये तो शेजारच्या कॉब काउंटीत गेला, कारण त्या काउंटीने नव्या क्रीडागारासाठी सुमारे ३० कोटी डॉलरचा भार उचलण्याचे कबूल केले होते. ऑलिंपिकचे ते क्रीडागार मोडकळीस आले होते काय? मुळीच नाही. वीस वर्षांचे क्रीडागार म्हणजे इमारतीच्या दृष्टीने ऐन तारुण्य. पण शेजारच्या घरी अधिक चांगले जेवण मिळते असे कळल्यावर पाहुण्याने मुक्काम हलवावा, तसे हे झाले.

शहरे इतकी अगतिक का होतात, याचे कारण संघांच्या संख्येत आहे. बेसबॉलच्या मुख्य संघटनेत आज तीस संघ आहेत, फुटबॉलच्या बत्तीस. नवा संघ घ्यावा की न घ्यावा, हे आधीच्या संघांचे मालकच ठरवितात. संघ हवा असणारी शहरे अधिक आणि संघ थोडे, अशी स्थिती त्यांनी बुद्धिपुरस्सर राखली आहे. मक्तेदारीला आळा घालणारे कायदे अमेरिकेत शतकाहून अधिक काळ आहेत. परंतु १९२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की, बेसबॉलचे सामने भरविणे हा राज्याराज्यांमधील व्यापार नव्हे, सबब तो कायदा बेसबॉलला लागू नाही. इंग्लंडातील फुटबॉलशी तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. तेथे खालच्या वर्गातील संघ जिंकत जिंकत वरच्या वर्गात चढतो व हरणारा खाली उतरतो. कोणत्याही गावाला आपला संघ उभारून वर नेण्याची वाट मोकळी आहे. त्यामुळे रिकाम्या शहराचा धाक दाखवून आपल्या शहराकडून पैसे उकळणे तेथील मालकाला सहसा साधत नाही. अमेरिकेत मात्र एखादे रिकामे शहर असणे हीच मालकांची पुंजी. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गने १९९० मध्ये संघ नसताना घुमटाचे मोठे क्रीडागार बांधून ठेवले. त्यात बेसबॉलचा स्वतःचा संघ खेळू लागला तो १९९८ मध्ये. ते बांधून होण्यापूर्वीच त्याचा बागुलबुवा दाखवून दुसऱ्याने आपले काम साधून घेतले. शिकागोच्या 'व्हाइट सॉक्स' संघाने फ्लोरिडात जाण्याची धमकी देताच १९८८ च्या ३० जूनच्या रात्री इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात क्रीडागाराच्या विधेयकासाठी धावपळ उडाली. मध्यरात्री मुदत संपत होती आणि मते पुरत नव्हती. तेव्हा सभागृहातील घड्याळच थांबविण्यात आले, व बारा वाजून गेल्यानंतर झालेले मतदान बारापूर्वी झाल्याची नोंद झाली!

आता या खर्चाच्या समर्थकांचे म्हणणे पाहू. ते थोडक्यात असे की, क्रीडागार म्हणजे खर्च नव्हे, गुंतवणूक आहे; सामने पाहावयास माणसे येतील, ती जेवतील, मुक्काम करतील, दुकाने चालतील, लोकांना रोजगार मिळेल, आणि कराच्या रूपाने शहराचा पैसा शहराकडे परत येईल. हे ऐकावयास इतके सयुक्तिक वाटते की, सामान्य मतदाराला त्यात खोट काढता येत नाही. पण अर्थशास्त्रज्ञांनी खोट काढली आहे. रॉजर नोल व अँड्र्यू झिंबलिस्ट यांनी संपादिलेला या विषयावरील ग्रंथ १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनेक शहरांचे हिशेब तपासून त्यातील अभ्यासकांनी असा निष्कर्ष काढला की, क्रीडागारामुळे शहराच्या एकंदर उत्पन्नात लक्षात घेण्याजोगी वाढ झाल्याचे कोठेही दिसत नाही. पुढील पंचवीस वर्षांत इतरांनी केलेल्या पाहण्यांचा सूरही तोच आहे. ज्या शास्त्रात दोन पंडितांचे एकमत होणे दुर्मीळ, त्यात या एका प्रश्नावर जवळजवळ एकवाक्यता आहे.

असे का व्हावे, हे कोणत्याही गृहिणीला चटकन पटेल. कुटुंबाच्या महिन्याच्या खर्चात करमणुकीचा वाटा ठरलेला असतो. सामन्याची तिकिटे काढली की त्या आठवड्यात चित्रपट रद्द होतो, किंवा रविवारचे हॉटेलातील जेवण राहते. क्रीडागारात खणखणलेले पैसे बव्हंशी त्याच गावातील दुसऱ्या दुकानातून उठून आलेले असतात. क्रीडागाराच्या दारातील खानावळ भरभराटीला येते ती सर्वांना दिसते. चार मैलांवरच्या नाट्यगृहातील रिकाम्या खुर्च्या कोणी मोजावयास जात नाही. शिवाय नाट्यगृहातील पैसा गावातील माणसांच्या हाती पडतो, तर सामन्याचा पैसा मुख्यतः खेळाडूंच्या पगारात व मालकाच्या नफ्यात जातो, आणि खेळाडूंपैकी बरेच जण हंगाम संपताच आपापल्या गावी जातात. म्हणजे पैसा नुसता जागा बदलतो असे नव्हे, गावाबाहेरही झिरपतो. रोजगाराचे म्हणाल तर बांधकामाचे मजूर दोन-तीन वर्षांचे, आणि नंतरचे बहुतेक काम तिकिटे फाडण्याचे व खाद्यपदार्थ विकण्याचे, तेही सामन्याच्या दिवसापुरते. बेसबॉलचे घरच्या मैदानावर वर्षाला ८१ सामने तरी होतात, फुटबॉलचे आठ-नऊ. वर्षातून आठ-नऊ दिवसांसाठी शेकडो एकर जागा व कोट्यवधी डॉलर अडकवून ठेवावयाचे, आणि भोवती वाहने उभी करण्याची ओसाड पटांगणे राखावयाची, यापेक्षा एखादा साधा कारखाना किंवा बाजारही शहराला अधिक देऊन जातो.

या व्यवहारात केंद्र सरकारचाही हात आहे, आणि तो कथेचा सर्वांत चमत्कारिक भाग होय. नगरपालिकांनी काढलेल्या कर्जरोख्यांच्या व्याजावर अमेरिकेत केंद्राचा आयकर लागत नाही. शाळा, रस्ते, पाणीपुरवठा अशा कामांसाठी शहरांना स्वस्तात कर्ज मिळावे हा हेतू. शहरे याच सवलतीने क्रीडागारे बांधू लागली, तेव्हा १९८६ च्या कायद्याने त्यास पायबंद घालण्याचे योजिले. नियम असा ठरला की, इमारतीचा दहा टक्क्यांहून अधिक उपयोग खाजगी धंद्यासाठी होत असेल आणि कर्जफेडीचा दहा टक्क्यांहून अधिक भाग त्या धंद्याकडून येत असेल, तर करमाफी नाही. कायदा करणाऱ्यांना वाटले, संघाचे भाडे घेतल्यावाचून कोणते शहर क्रीडागार बांधील? अर्थात सवलत बंद पडेल. झाले उलटेच. दोन्ही अटी एकदम लागू व्हाव्या लागतात, त्यांतील एक चुकविली की सवलत कायम. म्हणून शहरांनी संघाकडून भाडेच जेमतेम घेतले, आणि नव्वद टक्के फेड विक्रीकर, हॉटेलकर, दारू व सिगारेटवरील कर यांतून केली. कुंपण घालावयास गेले आणि शेताचे दार उघडे पडले. २००० सालानंतरच्या क्रीडागारांचा हिशेब ब्रुकिंग्ज या संस्थेने २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याप्रमाणे ३६ क्रीडागारांसाठी अशी करमुक्त कर्जे काढली गेली व त्यापायी केंद्राच्या तिजोरीला सुमारे ३२० कोटी डॉलरची खोट आली. ज्याने जन्मात बेसबॉलचा चेंडू पाहिला नाही, अशा दूरच्या शेतकऱ्यानेही ती भरून काढली. आयजीच्या जिवावर बायजी उदार!

कर्जापेक्षाही करारपत्रे अधिक घातक ठरली आहेत. सेंट लुईस शहराने १९९५ मध्ये 'रॅम्स' नावाचा फुटबॉल संघ लॉस एंजेलिसहून आपल्याकडे आणला. त्यासाठी बांधलेल्या क्रीडागाराच्या करारात एक कलम होते: ठरावीक वर्षांनी तपासणी करावयाची, आणि क्रीडागार देशातील सर्वोत्तम चतुर्थांशात बसत नसेल तर संघ करारातून मोकळा. जो तो नवे बांधीत असता आपली इमारत सदैव पहिल्या चतुर्थांशात राहील असे वचन देणे, म्हणजे मुलगा वर्गात जन्मभर पहिल्या आठांत राहील असे लिहून देणे होय. व्हावयाचे ते झाले. २०१६ मध्ये संघ पुन्हा लॉस एंजेलिसला गेला आणि सेंट लुईसकडे कर्जाचे हप्ते राहिले. तरी शहराने न्यायालयाची पायरी चढून २०२१ मध्ये तडजोडीत ७९ कोटी डॉलर मिळविले, एवढे त्याचे नशीब. सिॲटलचे नशीब तेवढेही नव्हते. तेथील 'किंगडम' हे घुमटाचे क्रीडागार १९७६ मध्ये उघडले, १९९४ मध्ये त्याच्या छताच्या फरशा खाली पडल्या, आणि २००० च्या मार्चमध्ये ते सुरुंग लावून पाडण्यात आले. त्याचे कर्ज फिटले २०१५ मध्ये. पंधरा वर्षे लोक नसलेल्या इमारतीचे हप्ते भरीत होते.

सिनसिनाटी शहराची कथा तर एखाद्या सावकारी खताची आठवण करून देते. १९९६ मध्ये तेथील काउंटीच्या मतदारांनी दोन क्रीडागारांसाठी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला. मते मिळावीत म्हणून घरमालकांना मालमत्ता करात सूट देण्याचेही आश्वासन होते. विक्रीकराचे उत्पन्न अंदाजाहून कमी आले, दुरुस्तीचा व चालविण्याचा खर्च मात्र कराराप्रमाणे काउंटीच्या माथी. फुटबॉल संघाशी झालेल्या करारात तर असे होते की, इतरत्र नवनवी यंत्रे येतील तशी येथेही काउंटीने पुरवावीत; त्यांत खेळाचे दृश्य हवेत उभे करून पुन्हा दाखविणाऱ्या, त्या वेळी कोठेही अस्तित्वात नसलेल्या यंत्राचाही उल्लेख होता! हिशेबाची तोंडमिळवणी होईना, तेव्हा घरमालकांची सूट कमी झाली, आणि काउंटीला आपले एक सार्वजनिक रुग्णालय विकावे लागले. रुग्णालय विकून क्रीडागार राखणे हे कोणत्या हिशेबात बसते, हे ठरवावयास अर्थशास्त्रज्ञाची गरज नाही.

मग मतदार हे का मान्य करतात? ते अडाणी आहेत म्हणून, असे म्हणणे अन्यायाचे होईल. खेळाने गावाला जे मिळते ते सगळेच जमाखर्चात मांडता येत नाही. कारखान्याचा मालक आणि कारखान्यातील कामगार, गोरा आणि काळा, एरवी एकमेकांशी शब्द न बोलणारे शेजारी एका संघासाठी एका सुरात ओरडतात, याचीही काही किंमत आहे; उद्यान किंवा ग्रंथालय यांतून तरी कोठे नफा होतो? १९९५ च्या ६ नोव्हेंबरला क्लीव्हलंडच्या 'ब्राऊन्स' संघाचे मालक आर्ट मॉडेल यांनी संघ बाल्टिमोरला नेण्याचे जाहीर केले. (होय, ज्या बाल्टिमोरचा संघ रात्री पळविला गेला होता, त्यानेच आता सार्वजनिक पैशाचे आमिष दाखवून दुसऱ्याचा संघ नेला.) दुसऱ्याच दिवशी क्लीव्हलंडमध्ये जुन्या क्रीडागाराच्या दुरुस्तीसाठी दारू-सिगारेटवरील कर चालू ठेवण्याविषयी मतदान होते. संघ जाणार हे ठाऊक असूनही लोकांनी तो कर मोठ्या बहुमताने मान्य केला. हा हिशेब नव्हे, ही माया आहे. आणि पुढे संघाचे नाव व रंग तरी क्लीव्हलंडलाच राहिले, ते या मायेच्या बळावर. तथापि ही माया मोजण्याचाही प्रयत्न झाला आहे. संघ गावात राहावा म्हणून तुम्ही वर्षाला किती द्याल, असे घरोघर विचारून बेरीज केली, तर ती शून्य नक्कीच नसते. परंतु प्रत्यक्ष दिलेल्या द्रव्याच्या मानाने बहुधा बरीच अपुरी भरते. म्हणजे उद्यानाची उपमा खरी, पण उद्यानाचे फाटक शहराच्या ताब्यात असते आणि तिकिटाचे पैसे माळी घरी नेत नाही.

मालकी लोकांची असेल तर गोष्ट वेगळी होते. विस्कॉन्सिनमधील ग्रीन बे हे जेमतेम लाखभर वस्तीचे गाव. तेथील 'पॅकर्स' हा फुटबॉल संघ १९२३ पासून भागधारकांचा आहे. आज ते पाच लाखांहून अधिक आहेत. या भागांवर लाभांश मिळत नाही आणि ते नफ्याने विकताही येत नाहीत. १९५७ मध्ये नगरपालिका व संघ यांनी मिळून तेथे क्रीडागार बांधले. २००० मध्ये त्याच्या विस्तारासाठी लोकांनी अर्धा टक्का विक्रीकर मान्य केला, आणि काम होताच २०१५ मध्ये तो बंदही झाला. या गावाला कोणी धमकी दिली नाही, कारण धमकी देणारा मालकच तेथे नाही. दुर्दैव असे की, अशा प्रकारची मालकी पुन्हा होऊ नये असा नियम फुटबॉलच्या संघटनेने करून ठेवला आहे.

आणि ठाम नकार दिला तर? सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी १९८७ व १९८९ मध्ये, शेजारच्या दोन गावांनी १९९० व १९९२ मध्ये 'जायंट्स' संघाच्या क्रीडागारास नकार दिला. संघ फ्लोरिडाला जाण्याच्या बेतात होता. शेवटी नव्या मालकांनी शहराची जागा भाड्याने घेऊन मुख्यतः खाजगी भांडवलावर क्रीडागार बांधले. २००० मध्ये ते उघडले आणि धंदा उत्तम चालला. यावरून पैसा मालकाजवळ नसतो असे नव्हे, तो काढावयाची वेळ येऊ दिली जात नाही, एवढे सिद्ध होते. तथापि एका शहराने नकार देऊन भागत नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये मिसुरी राज्यातील कॅन्सस सिटीच्या काउंटीने विक्रीकर वाढीव मुदतीने चालू ठेवण्यास नकार दिला. दोनच महिन्यांत सीमेपलीकडील कॅन्सस राज्याने क्रीडागाराच्या खर्चाच्या सत्तर टक्क्यांपर्यंत रक्कम भावी विक्रीकराच्या तारणावर उभी करण्याचा कायदा केला. दोन राज्ये एकमेकांवर बोली चढवीत असतील तर लिलाव पुकारणाऱ्याने का थांबावे? हा रोग एकेका गावाच्या निर्धाराने बरा होणारा नाही. करमुक्त कर्जाची सवलत केंद्राने काढून घेणे हाच त्यावरील पहिला उपाय दिसतो. तोपर्यंत निदान एवढे व्हावे की, ज्या प्रमाणात लोकांचा पैसा लागला त्या प्रमाणात संघाच्या विक्रीच्या किमतीत व क्रीडागाराच्या उत्पन्नात लोकांचा हिस्सा असावा, आणि मुदतीपूर्वी जाणाऱ्याने शिल्लक कर्ज फेडून जावे.

मुंबईस हा प्रश्न अगदीच परका नाही, मात्र त्याचे रूप निराळे आहे. बॅकबे येथे समुद्र हटवून काढलेल्या जमिनीवर १९३७ मध्ये ब्रेबोर्न स्टेडियम उभे राहिले, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या सभासदांच्या संस्थेचे. जमीन सरकारकडून मिळाली आणि क्रीडागाराला गव्हर्नरांचे नाव लागले. पुढे तिकिटांच्या वाटपावरून क्लब आणि मुंबई क्रिकेट असोसिएशन यांचे बिनसले. शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने असोसिएशनने शासनाकडून भाडेपट्ट्याने मिळालेल्या जागेवर दुसरे क्रीडागार बांधले. १९७५ च्या जानेवारीत तेथे पहिला कसोटी सामना झाला. तिकिटांच्या भांडणातून चालत पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर, आणि तेही मुंबईसारख्या जागेला महाग शहरात, दोन प्रचंड क्रीडागारे झाली!

२००८ पासून चालू असलेल्या इंडियन प्रीमियर लीगचे संघ हे अमेरिकन नमुन्याचे, धनिकांच्या मालकीचे आहेत. ते क्रीडागारे बांधीत नाहीत, ठिकठिकाणच्या असोसिएशनांची वापरतात. म्हणून कर्जरोख्यांचा प्रश्न येथे उद्भवत नाही. प्रश्न येतो तो जमिनीचा, पाण्याचा आणि पोलिसांचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला आगगाडीने पिण्याचे पाणी न्यावे लागत असता मैदानांवर पाणी शिंपावे काय, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर नेण्यास सांगितले, आणि मुंबईत व्हावयाचा अंतिम सामना बंगळूरला झाला. पुढे २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने क्रिकेट सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे शुल्क कमी केले, व ते पूर्वलक्षी पद्धतीने २०११ पासून. जे शुल्क अद्याप वसूलच झाले नव्हते, त्याचाही मोठा भाग त्यामुळे सुटला. या निर्णयाविरुद्ध जनहित याचिका दाखल झाली, आणि उच्च न्यायालयाने शासनाला त्याचे कारण विचारले. सामन्याच्या दिवशी चर्चगेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत उभ्या राहणाऱ्या शिपायांचा पगार मात्र शासनाच्या तिजोरीतून दिला जातो.